जपानचे कलामार्ग आणि तारांगणातील साहसकथा

सुशिक्षित कुटुंबातील पुस्तकांचे कपाट नीट न्याहाळले तर त्यात दोन प्रकारचा संग्रह आढळतो. पहिला दर्शनी काचेमागे मांडलेला असतो. दुसरा उशाखाली, पाठ्यपुस्तकाच्या पोटात किंवा माळ्यावरील पेटीत दडलेला असतो. पहिल्यात धर्मग्रंथ, चरित्रे, निबंध आणि परदेशांच्या संस्कृतीविषयी भारदस्त पुस्तके येतात. दुसऱ्यात हेरकथा, रहस्यकथा आणि आकाशातून धावणाऱ्या नौकांच्या गोष्टी. जपानच्या चहाविधीवरील किंवा धनुर्विद्येवरील ग्रंथ साहजिकच पहिल्या वर्गात बसतो, आणि परग्रहावरील राक्षसांशी झुंजणाऱ्या वीराची कथा दुसऱ्या. पहिले पुस्तक हाती असणाऱ्यास घरात मान मिळतो, दुसरे हाती सापडल्यास बोलणी बसतात. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा ज्या पिढीने दिव्याच्या कोपऱ्यात चोरून वाचल्या, तीच पिढी पुढे आजोबा-आजीच्या पदास पोहोचल्यावर नातवंडांच्या हातची चित्रकथा काढून घेऊ लागली, हा अनुभव महाराष्ट्रात नवीन नाही.

या वर्गवारीत तथ्य मुळीच नाही असे नव्हे. परंतु वरवर पाहता ज्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही असे वाटते, त्या जपानी कला आणि त्या आकाशकथा यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. तो प्रश्न असा की, मनुष्याच्या हाती सामर्थ्य आले असता त्याने ते कसे वापरावे, आणि वापरून झाल्यावर त्याचे मन कोठे असावे? जपानच्या कलांनी या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके घोटून काढले. आकाशकथांनी तोच प्रश्न तारांगणाएवढा मोठा करून मांडला. पण त्याचे उत्तर देण्याची घाई त्यांना नव्हती. पुढे विसाव्या शतकात या दोघांची गाठ पडली, आणि त्या भेटीतून जे निर्माण झाले ते विचार करण्याजोगे आहे.

प्रथम कलांकडे पाहू. जपानी भाषेत ‘दो’ म्हणजे वाट किंवा मार्ग. चहा करून पाहुण्यास देण्याच्या कलेस ‘सादो’, फुले मांडण्याच्या कलेस ‘कादो’, कुंचल्याने अक्षरे लिहिण्याच्या कलेस ‘शोदो’, धनुर्विद्येस ‘क्यूदो’, खड्गविद्येस ‘केन्दो’ आणि मल्लविद्येच्या एका प्रकारास ‘ज्यूदो’ असे म्हणतात. एकाच प्रत्ययाने फुलदाणी आणि तलवार यांस एका माळेत ओवणाऱ्या या लोकांची समजूत अशी की, कोणतीही कृती वर्षानुवर्षे, ठराविक रीतीने आणि मन लावून केली म्हणजे ती करणाऱ्याचा स्वभावच हळूहळू घडत जातो. आपल्याकडील तालमीत मातीस हात लावून कपाळी नेल्यावाचून आणि वस्तादास नमस्कार केल्यावाचून पट्ठा हौद्यात उतरत नाही. त्यामागे जी बुद्धी आहे, तीच जपानी शिष्य आखाड्याच्या उंबऱ्याशी वाकून नमस्कार करतो त्यामागेही आहे.

चहाविधीस आजचे स्वरूप देण्याचे मोठे श्रेय सेन नो रिक्यू या आचार्याकडे जाते. हा १५२२ साली जन्मला आणि १५९१ साली निवर्तला. त्याच्या काळी जपान यादवीने पोळून निघाला होता आणि त्याचे यजमान व शिष्य बव्हंशी लढवय्ये सरदार होते. रिक्यूने चहाची खोली लहान, मातीच्या भिंतींची आणि गवती छपराची केली. तिच्या दारास ‘निजिरिगुची’ म्हणतात. हे दार म्हणजे उंची व रुंदी दोन फुटांहून किंचित अधिक एवढीच एक खिडकी. आत जायचे तर केवढाही मोठा सरदार असो, त्याने कमरेत वाकून, गुडघ्यांवर सरकत जावयाचे. आणि तलवार बाहेर भिंतीवरील घडवंचीवर ठेवावयाची. या दारासंबंधी कोणी प्रवचन दिले नाही, नियमांची पाटी लावली नाही. सुताराने दार लहान केले आणि गर्विष्ठ माणसाच्या मानेस त्याने आपोआप नम्रता शिकविली. नीती केवळ उपदेशाने शिकविता येत नाही, ती शरीराच्या सवयीत उतरवावी लागते, हे जपानी कलांचे पहिले सूत्र या दारात स्पष्ट दिसते.

दुसरे सूत्र ज्यूदोचे. त्याचा संस्थापक कानो जिगोरो हा पेशाने शिक्षक असून तोकियोच्या उच्च अध्यापनशाळेचा तो अनेक वर्षे प्रमुख होता. लहानपणी अंगाने किरकोळ असल्यामुळे दांडग्या मुलांचा जाच त्याच्या वाट्यास आला आणि त्यातून तो जुन्या मल्लविद्येकडे वळला. १८८२ साली तोकियोतील एका बौद्ध मंदिरात १२ चटयांच्या जागेत त्याने आपली शाळा उघडली. जुन्या विद्येतील जीवघेणे पेच त्याने मोकळ्या सरावातून काढून टाकले आणि दोन तत्त्वे शिष्यांपुढे ठेविली. एक, शक्तीचा उत्तम उपयोग करावा. दुसरे, आपले आणि दुसऱ्याचे कल्याण एकत्रच साधावे. दुसरे तत्त्व कुस्तीच्या आखाड्यात कसे लागू पडते, अशी शंका येईल. त्याचे उत्तर सोपे आहे. ज्यास पाडावयाचे तो आपला जोडीदार आहे. तो नसेल तर आपली विद्या वाढणार नाही. म्हणून त्यास पाडताना त्याच्या बाहीवरील पकड सोडावयाची नाही, म्हणजे त्याचे डोके जमिनीवर आदळत नाही. प्रतिस्पर्ध्यास पाडणे आणि सांभाळणे या दोन्ही क्रिया एकाच हाताने करावयाच्या, ही शिकवण लहानसहान नव्हे.

तिसरे सूत्र सर्वांत सूक्ष्म आहे. जपानी धनुष्य सात फुटांहून लांब असते आणि सामान्य सरावात २८ मीटर अंतरावरील ३६ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर नेम धरावयाचा असतो. बाण सोडण्याची क्रिया आठ पायऱ्यांत विभागली आहे. पाय रोवणे, शरीर स्थिर करणे, धनुष्य सज्ज करणे, ते उचलणे, ओढणे, पूर्ण ताणावर थांबणे आणि बाण सोडणे या सात पायऱ्या झाल्या. येथे क्रिया संपली असे कोणासही वाटेल. परंतु आठवी पायरी अद्याप उरते. तिचे नाव ‘झानशिन’, म्हणजे शब्दशः ‘उरलेले मन’. बाण सुटला, लक्ष्यास लागला वा चुकला, तरी धनुर्धराने हात खाली टाकावयाचे नाहीत, आनंदाने उडी मारावयाची नाही, खेदाने मान खाली घालावयाची नाही. ज्या मनाने बाण सोडला ते मन, बाण गेल्यावरही, त्याच्या परिणामाकडे जागेपणाने पाहत उभे राहिले पाहिजे. केन्दोमध्ये तर घाव अचूक बसूनही हे ‘उरलेले मन’ दिसले नाही, तर पंच गुण देत नाहीत. आणि घाव बसल्यावर फुशारकीचा हावभाव केला तर दिलेला गुणही काढून घेतला जातो.

याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण २३ ऑक्टोबर १९६४ रोजी तोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत घडले. ज्यूदोचा समावेश त्या वर्षी प्रथमच झाला होता. खुल्या गटाच्या अंतिम कुस्तीत हॉलंडच्या अँटन गेसिंक याने जपानच्या कामिनागा अकिओ यास त्याच्याच देशात, त्याच्याच लोकांसमोर दाबून धरून हरविले. प्रेक्षागार सुन्न झाले. हॉलंडचे काही लोक आनंदाच्या भरात चटईकडे धावले, तेव्हा गेसिंकने हात वर करून त्यांस जागीच थोपविले, आणि विधिपूर्वक नमस्कार झाल्यावरच तो चटईवरून उतरला. त्या एका हाताच्या इशाऱ्याने जपानी लोकांची मने जिंकली. विद्या परक्याने घेतली खरी, पण आठव्या पायरीसकट घेतली, याचे समाधान पराभवाच्या दुःखातही त्यांस झाले असावे.

येथपर्यंतचे विवेचन ऐकून, जपानी कला शिकला तो सज्जन झालाच, असा निष्कर्ष कोणी काढील तर ती मोठी चूक होईल. इतिहास त्याविरुद्ध साक्ष देतो. रिक्यूचा यजमान तोयोतोमी हिदेयोशी हा चहाविधीचा निस्सीम भक्त होता. त्याने १५८७ साली क्योतोत चहाचा प्रचंड मेळा भरविला. पण त्यानेच १५९१ साली रिक्यूस पोट चिरून प्राणत्याग करण्याची आज्ञा केली आणि १५९२ साली कोरियावर सैन्य घालून त्या देशाची अनन्वित हानी केली. प्रत्येक भेट आयुष्यात एकदाच घडणारी म्हणून जपावी, हा चहाविधीतील ‘इचिगो इचिए’ नावाचा सुंदर विचार ज्याने ग्रंथबद्ध करून रूढ केला, तो ई नाओसुके हा शोगुनाचा मुख्य प्रधान होता. १८५८ पासून त्याने राजकीय विरोधकांचे जे निर्दालन आरंभिले त्यात अनेकांस देहान्त शासन झाले, आणि १८६० साली त्याच्या पालखीवर हल्ला होऊन तो स्वतःही मारला गेला. पुढे १९३० नंतरच्या काळात जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांनी खड्गविद्येस व तथाकथित ‘बुशिदो’स शाळाशाळांतून आपल्या आक्रमणाच्या दावणीस बांधले. १९४५ च्या पराभवानंतर विजेत्यांच्या अमलाखाली शाळांतून या विद्यांवर बंदी आली, ती पुढे काही वर्षांनी टप्प्याटप्प्याने उठली. आणि २०१२ पासून तेथील माध्यमिक शाळांत या विद्या पुन्हा सर्व मुलामुलींस सक्तीने शिकविल्या जाऊ लागल्या.

तात्पर्य, शिस्त ही एक शक्ती आहे. ती हात स्थिर करते. हात कोणावर उगारावा हे ती आपण होऊन सांगत नाही. बाणाकडे पाहत राहण्याची सवय ज्यास आहे, त्याने तो बाण कोणास लागला हेही पाहावयास हवे. आणि ते पाहावयास कल्पनाशक्ती लागते. आपल्याहून निराळ्या, दूरच्या, अनोळखी जीवाच्या जागी स्वतःस ठेवून पाहण्याची शक्ती विधीतून मिळतेच असे नाही. ती पुष्कळदा गोष्टीतून मिळते. म्हणून आता कपाटाच्या दुसऱ्या बाजूकडे वळणे प्राप्त आहे.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या अत्यंत स्वस्त, खरबरीत कागदावर कथामासिके छापली जाऊ लागली. लगद्यास इंग्रजीत ‘पल्प’ म्हणतात, त्यावरून या मासिकांस व त्यांतील कथांस तेच नाव पडले. हा कागद काही वर्षांत पिवळा पडून तुकडे होई. पण मुखपृष्ठ मात्र गुळगुळीत, भडक रंगांचे असे. एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक याने ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानाश्रित कथांस वाहिलेले मासिक काढले. त्याची किंमत २५ सेंट होती. त्याच्या ऑगस्ट १९२८ च्या अंकात ई. ई. स्मिथ याची ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’ ही कथा सुरू झाली आणि मनुष्य प्रथमच आपल्या सूर्यमालेची वेस ओलांडून मुक्तपणे ताऱ्यांमध्ये हिंडू लागला. हा स्मिथ व्यवसायाने खाद्यपदार्थांचा रसायनशास्त्रज्ञ होता. दिवसा पिठांची मिश्रणे सिद्ध करावीत आणि रात्री आकाशगंगेत युद्धे लढवावीत, असा त्याचा दिनक्रम. १९४१ साली एका लेखकाने असल्या कथांस हिणवून ‘स्पेस ऑपेरा’ असे नाव दिले. अमेरिकेच्या रेडिओवर साबणाच्या कारखानदारांच्या पैशावर चालणाऱ्या रडक्या नाट्यमालिकांस ‘सोप ऑपेरा’ म्हणत, त्याच चालीवर हा टोमणा होता. पुढे तो टोमणा बिरुदासारखा मिरविला गेला, ही गोष्ट निराळी.

या कथांचे दोष लपविण्यात अर्थ नाही. त्यांची भाषा ठोकळेबाज, माणसे एकरंगी, स्त्रिया बहुधा संकटात सापडण्यापुरत्या. याहून गंभीर दोष दोन. पहिला वंशद्वेषाचा. ज्या अंकात ‘स्कायलार्क’ सुरू झाली, त्याच अंकात फिलिप नोलन याची एक कथा आली. पुढे चित्रमालिकांतून जगभर गाजलेल्या बक रॉजर्सचे मूळ हीच कथा. तीत अमेरिकेस गुलाम करणारे दुष्ट शत्रू आशियातून आलेले आहेत. १९३४ साली सुरू झालेल्या ‘फ्लॅश गॉर्डन’मधील क्रूर सम्राट मिंग याचे नाव आणि चेहरामोहराही असाच पूर्वेकडून उसना घेतलेला. दुसरा दोष संहाराच्या सहजतेचा. स्मिथच्या १९३० सालच्या ‘स्कायलार्क थ्री’ या कथेत फेनाक्रोन नावाच्या आक्रमक जातीचा तिच्या ग्रहासकट नाश होतो आणि पळून निघालेल्या नौकेचाही पाठलाग करून ती नष्ट केली जाते. कोट्यवधी जीव गेले, तरी त्या राखेकडे पाहत कथा रेंगाळत नाही. ती पुढील पराक्रमाकडे धावते. धनुर्विद्येच्या भाषेत सांगावयाचे तर येथे सात पायऱ्या आहेत, आठवी नाही.

असे असूनही या कथांनी लाखो तरुणांस जे दिले ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. विश्व अफाट आहे आणि मनुष्य त्यात नुकता रांगू लागला आहे, ही जाणीव शाळेच्या पुस्तकापेक्षा या पिवळ्या पानांनी अधिक वेगाने रुजविली. शिवाय त्यांत सामर्थ्य आणि पात्रता यांच्या नात्याचा विचार अगदीच नव्हता असे नाही. स्मिथच्याच ‘गॅलॅक्टिक पेट्रोल’ या १९३७-३८ च्या कथेत आकाशगंगेच्या रक्षकांच्या मनगटावर एक तेजस्वी भिंग असते. ते प्रत्येकासाठी स्वतंत्र घडविलेले. दुसऱ्या कोणी ते धारण केले तर त्याचा प्राण जातो, आणि जो लाचेने, भयाने वा लोभाने ढळणार नाही अशासच ते मिळते. नायक किनिसन हा एकदा स्वतःच्या शक्तीचा चुकीचा अंदाज बांधून शत्रूच्या तळावर जातो, अर्धमेला होऊन परततो, आणि मग आपली विद्या अपुरी आहे हे ओळखून गुरूकडे पुन्हा शिकावयास जातो. त्याचे बरोबरीचे सहकारी कोण, तर पंखांचा सर्पाकृती वर्सेल आणि पिंपासारख्या अंगाचा ट्रेगॉन्सी. ज्या काळी अमेरिकेत निराळ्या वर्णाच्या माणसाशेजारी बसणेही अनेकांस खपत नव्हते, त्या काळी निराळ्या देहाच्या जीवास बंधू मानणारी ही कथा किराणा मालाच्या दुकानाशेजारी विकली जात होती.

आता जपानकडे परत येऊ. कारण या दोन प्रवाहांचा संगम तेथेच झाला. सप्टेंबर १९४५ ते एप्रिल १९५२ पर्यंत जपान परकी अमलाखाली होता. त्या काळात अमेरिकन सैनिकांनी वाचून टाकलेली ही मासिके आणि स्वस्त पुस्तके जुन्या पुस्तकांच्या दुकानांत येऊन पडू लागली. जाळून बेचिराख झालेल्या शहरांतील तरुण, ज्यांनी ती शहरे जाळली त्यांच्याच करमणुकीची पाने शब्दकोश उघडून वाचू लागले. ज्या कथांतील खलनायकांचे चेहरे आशियाई होते, त्या त्यांस वर्ज्य का वाटल्या नाहीत? बहुधा अशासाठी की, खाली जमिनीवर पाहण्यासारखे काही उरले नव्हते तेव्हा या कथा वर पाहावयास लावीत होत्या. शिबानो ताकुमी नावाच्या गणिताच्या शिक्षकाने १९५७ साली अशा वाचकांसाठी ‘उचूजिन’ नावाचे हौशी मासिक काढले आणि त्यातून जपानच्या पुढच्या पिढीतील कित्येक लेखक उदयास आले. भाषांतरासाठी त्याने घेतलेले ‘कोझुमी रेई’ हे टोपणनाव म्हणजे ‘कॉस्मिक रे’ या इंग्रजी शब्दांचेच जपानी रूप होते. १९५९ च्या अखेरीस हायाकावा या प्रकाशनसंस्थेने ‘एस-एफ मॅगझिन’ सुरू केले. नोदा मासाहिरो याने एडमंड हॅमिल्टनची ‘कॅप्टन फ्यूचर’ ही कथामाला जपानीत आणली. अमेरिकेत १९४० ते १९४४ पर्यंत अवघे १७ अंक निघून बंद पडलेले आणि तेथे जवळजवळ विस्मृतीत गेलेले हे मासिक जपानमध्ये पुन्हा जिवंत झाले, आणि १९७८-७९ साली त्यावरील चित्रमालिका तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून दाखविली गेली.

परंतु जपानने केवळ उसनवारी केली असती तर त्यात विशेष काही नव्हते. ऑक्टोबर १९७४ मध्ये तेथे ‘उचू सेन्कान यामातो’ म्हणजे ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ ही चित्रमालिका सुरू झाली. यामातो हे नाव प्रत्येक जपानी माणसाच्या काळजास भिडणारे होते. त्या नावाची प्रचंड युद्धनौका ७ एप्रिल १९४५ रोजी परतीची आशा नसलेल्या मोहिमेवर पाठविली गेली आणि सुमारे ३,००० खलाशांसह समुद्राच्या तळाशी गेली. चित्रमालिकेतील कथा २१९९ सालची आहे. गामिलास ग्रहाच्या लोकांनी पृथ्वीवर किरणोत्सर्गी अस्त्रे टाकली असून मनुष्यजात भूगर्भात लपली आहे. समुद्र आटल्यामुळे उघड्या पडलेल्या त्या बुडीत नौकेच्या सांगाड्यातून एक आकाशनौका सिद्ध होते आणि पृथ्वी शुद्ध करणारे यंत्र आणण्यासाठी १,४८,००० प्रकाशवर्षे दूर जाऊन एका वर्षात परतण्याच्या कामगिरीवर निघते. नौकेच्या अग्रभागी ग्रह फोडणारी तोफ आहे, लढाया आहेत, कपटी शत्रू आहे; म्हणजे लगद्याच्या कागदावरील साहसकथेचा सारा सरंजाम आहे.

मात्र २४व्या भागात जे घडते ते त्या जुन्या पानांत नव्हते. अखेरच्या घनघोर युद्धात नौका जिंकते आणि गामिलासची राजधानी उद्ध्वस्त होते. विजयाच्या त्या क्षणी तरुण नायक कोदाई बाहेर येऊन त्या भग्न नगराकडे पाहतो. तेथे कोणीही जिवंत दिसत नाही. लहानपणापासून आपल्याला इतरांशी स्पर्धा करून जिंकावयास शिकविले. पण हरणाऱ्यांचे काय होते, याचा विचार आपण केला नाही, अशा आशयाचे तो बोलतो. या लोकांचाही ग्रह मरणपंथास लागला होता आणि तेही जगण्यासाठीच धडपडत होते, हे त्यास उमगते. आपण लढावयास नको होते, प्रेम करावयास हवे होते, असे म्हणून तो हातातील शस्त्र टाकून देतो. हीच ती आठवी पायरी. बाण सुटला, लक्ष्यास लागला, आणि धनुर्धराचे मन जागेच राहिले. ‘स्कायलार्क थ्री’मधील जळालेला ग्रह आणि गामिलासची राख यांत ४४ वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात हिरोशिमा व नागासाकी होऊन गेले होते, आणि आपल्या शिस्तीचे आपणच काय करून ठेवले याचा हिशेब जपानसमोर उभा होता.

संगम एकाच बाजूने झाला नाही. अमेरिकेतील जॉर्ज ल्यूकस या दिग्दर्शकास लहानपणच्या आवडीच्या ‘फ्लॅश गॉर्डन’वर चित्रपट काढावयाचा होता; त्याचे हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने स्वतःचे विश्व रचले. १९७७ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’ची कथा दोन क्षुद्र सेवकांच्या नजरेतून सांगण्याची कल्पना त्याने कुरोसावा आकिरा याच्या १९५८ सालच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ या चित्रपटावरून घेतली, हे त्याने स्वतः सांगितले आहे. १९८० च्या दुसऱ्या भागाच्या पटकथेचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट या लेखिकेने लिहिला. ती लगद्याच्या मासिकांतून मंगळ-शुक्रावरील कथा लिहून नावारूपास आलेली होती, आणि ‘कॅप्टन फ्यूचर’चा कर्ता हॅमिल्टन हा तिचा पती होता. याच भागात नायक तलवार चालविण्याआधी मन आवरावयास शिकतो. आणि गुरूने सांगूनही गुहेत शस्त्र घेऊन गेल्यामुळे त्यास शत्रूच्या मुखवट्याआड स्वतःचाच चेहरा दिसतो. ज्या दाराबाहेर सरदारांस तलवार ठेवावी लागे, त्या दाराची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

मराठी माणसास हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. महाभारत अठराव्या दिवशी संपत नाही. युद्ध जिंकल्यावर रणभूमीवर विधवांचा आक्रोश आहे, युधिष्ठिराचा पश्चात्ताप आहे, आणि त्याच्या समाधानासाठी सांगितलेले विशाल शांतिपर्व आहे. सौप्तिकपर्वात तर अर्जुन आणि अश्वत्थामा या दोघांनीही महास्त्रे सोडली असता, ऋषींच्या शब्दावरून अर्जुनाने आपले अस्त्र आवरून घेतले. अश्वत्थाम्यास ते परत घेता आले नाही, आणि त्याने ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर सोडले. दोघेही एकाच गुरूचे शिष्य होते. अस्त्र सोडण्याची विद्या दोघांपाशी होती, आवरण्याची एकापाशीच. मराठीतील विज्ञानकथेसही आता मानाचे स्थान आहे. जयंत नारळीकरांसारख्या थोर खगोलशास्त्रज्ञाने १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठविली व ती पहिली आली. तेच पुढे मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवडून आले. काचेमागील आणि उशाखालील पुस्तकांमधील भिंत वाटते तितकी पक्की नाही, हे यावरून दिसून येईल.

मग घरातील वडीलधाऱ्यांनी काय करावे? पुस्तक काढून घेतल्याने वाचन थांबत नाही, ते केवळ लपते. आणि लपून वाचलेल्या गोष्टीवर कोणाशी बोलता येत नाही, हे तिचे सर्वांत मोठे नुकसान. उलट सारेच उत्तम म्हणून डोळे मिटून घेणेही बरे नव्हे. साहसकथा मनमुराद वाचू द्यावी, जमल्यास स्वतःही वाचावी. तिच्यातील वेगाचा, विस्मयाचा आणि अचाट कल्पनांचा आनंद संकोच न बाळगता घ्यावा. त्याचबरोबर हातास एखादी नेमाची कला असू द्यावी. ती जपानीच हवी असे नाही. रांगोळी असो, तबला असो, मल्लखांब असो. जीत घाई चालत नाही आणि चूक लपत नाही अशी कोणतीही चालेल. पहिल्याने दृष्टी लांब जाते, दुसऱ्याने हात स्थिर होतो. दृष्टी नसलेला स्थिर हात काय करतो हे हिदेयोशीने दाखविले, आणि स्थिर हातावाचून लांब गेलेली दृष्टी स्वप्नातच विरते.

आणि मुलाने गोष्ट वाचून संपविली, वीराने शत्रूचा ग्रह उडवून दिला, मुलाचे डोळे आनंदाने चमकू लागले, की त्यास रागे न भरता, त्याच्याशेजारी बसून एवढेच विचारावे : ‘मग त्या ग्रहावरच्या लोकांचे काय झाले?’ उत्तराची घाई करू नये.